नवा गेमिंग लॅपटॉप तापतोय? पेस्ट बदलायला नेण्याआधी हे टप्पे या क्रमाने करा

एप्रिल उजाडला की परभणी, नांदेड, लातूर, बीडकडून एकच प्रश्न यायला लागतो: लॅपटॉप आत्ताच घेतलाय, गेम सुरू केला की वीस मिनिटांत कीबोर्डवर हात ठेववत नाही, काय करू? तोवर निम्म्या लोकांनी ऑनलाइन कूलिंग पॅड मागवलेला असतो. काही जण तर गल्लीतल्या दुकानात मशीन उघडून प्रोसेसरची उष्णता वाहून नेणारी नवी पेस्टही लावून आलेले असतात, म्हणजे वॉरंटीचा घोळ ओढवून घेतलेला. आणि आकडे? ते कुणीच बघितलेले नसतात.

खरा क्रम याच्या बरोबर उलटा आहे. आधी मोजायचं, मग हवा मोकळी करायची, मग सेटिंग बदलायच्या. इतकं करून भागलं नाही तरच सर्व्हिस सेंटर. नव्या मशीनचा स्क्रू स्वतः उघडायची वेळ पहिल्या वर्षात जवळजवळ कधीच येत नाही.

आधी एवढं समजून घ्या

गेमिंग लॅपटॉप गरम होणारच. इंटेलचे बहुतेक लॅपटॉप प्रोसेसर साधारण १०० ते ११० अंशांपर्यंत आणि एएमडीचे साधारण ९५ ते १०० अंशांपर्यंत चालतील असेच बनवलेले असतात. त्या मर्यादेला पोचले की ते स्वतःच वेग कमी करतात. यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. एनव्हिडियाची लॅपटॉपमधली ग्राफिक्स कार्डं साधारण ८७ अंशांच्या आसपास हात आखडता घेतात. त्यामुळे स्क्रीनवर ९२ दिसलं की मशीन जळालं, असं नसतं.

दुसरी गोष्ट आपल्या भागासाठी जास्त महत्त्वाची. लॅपटॉपचा पंखा खोलीतलीच हवा आत घेतो. खोली जितकी तापेल, साधारण तितकेच अंश आतलं तापमानही चढतं. पुण्यात किंवा बंगळुरूत बसून कुणी यूट्यूबवर २५ अंशांच्या एसी खोलीत घेतलेले आकडे मे महिन्यात परभणीतल्या पत्र्याच्या खोलीशी ताडून बघू नका. तिथे बाहेर ४२-४३ असतं आणि पत्र्याखाली त्याहून जास्त.

## टप्पा १ : पहिल्याच दिवशीची तयारी

बिल, खोका आणि आतलं थर्माकोल जपून ठेवा. दुकानाची किंवा वेबसाइटची बदलून देण्याची मुदत किती दिवसांची आहे ते बिलावर किंवा ऑर्डरच्या पानावर बघून कॅलेंडरवर खूण करा. खालचे २ ते ४ टप्पे या मुदतीच्या आत उरकायचे आहेत. मुदत संपली की बदलून मिळणं संपतं आणि दुरुस्तीच्या खेपा सुरू होतात.

मग विंडोजचे सगळे अपडेट, कंपनीच्या स्वतःच्या ॲपमधून ड्रायव्हर आणि बायोस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर), आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर, या क्रमाने करून घ्या. लेनोवोला व्हँटेज, असूसला आर्मरी क्रेट, एचपीला ओमेन गेमिंग हब, एसरला नायट्रोसेन्स किंवा प्रेडेटरसेन्स. नव्या मशीनचे पंख्यांचे दोष कधी कधी निव्वळ बायोस अपडेटने सुटतात.

सावधान : बायोस अपडेट करताना चार्जर लावलेला हवा आणि बॅटरी निम्म्याहून जास्त भरलेली हवी. लोडशेडिंगची वेळ टाळा. मध्येच वैतागून पॉवरचं बटण दाबून धरू नका.

अपडेट झाले की मशीन तासभर तसंच चालू ठेवा. पहिल्या एक-दोन दिवसांत विंडोज मागच्या मागे फायलींची यादी करत असतं, सोबत आलेला अँटिव्हायरस सगळी डिस्क चाळत असतो. त्या गडबडीत घेतलेला आकडा खोटा. सोबत आलेला ट्रायल अँटिव्हायरस काढून टाका. विंडोजचं स्वतःचं डिफेंडर पुरेसं आहे.

आणखी दोन गोष्टी लागतील. खोलीचं तापमान दाखवणारा साधा थर्मामीटर, इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो तो चालेल. मोबाइलवरचं हवामानाचं ॲप चालणार नाही, कारण ते शहराचं तापमान सांगतं, तुमच्या खोलीचं नाही. आणि एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर.

## टप्पा २ : मोजणी

इथे घाई करू नका. पुढचे सगळे निर्णय या आकड्यांवर आहेत.

एचडब्ल्यूइन्फो उघडताना ‘सेन्सर्स ओन्ली’वर खूण करा. लांबलचक यादी येईल, घाबरू नका. आपल्याला मोजक्याच ओळी लागतात. प्रोसेसरचं पॅकेज तापमान, प्रत्येक कोअरचं (प्रोसेसरमधल्या प्रत्येक स्वतंत्र गणकभागाचं) तापमान, प्रोसेसर किती वॅट खातोय, ग्राफिक्स कार्डचं तापमान आणि त्याचे वॅट. शिवाय ‘थर्मल थ्रॉटलिंग’च्या ओळीत ‘येस’ येतंय की ‘नो’, तेही.

आता तीन वेळा मोजा:

1. मशीन रिकामं असताना, सगळं बंद करून १५ मिनिटांनी.
2. सिनेबेंच हे मोफत सॉफ्टवेअर १० मिनिटं चालवून. याने प्रोसेसरवर पूर्ण भार येतो.
3. तुमचा नेहमीचा गेम निदान अर्धा तास खेळून. पाच मिनिटांच्या आकड्याला अर्थ नाही. धातूच्या नळ्या आणि पत्रे पूर्ण तापायला वेळ लागतो.

हे सगळं एकदा पहाटे आणि एकदा दुपारी तीनच्या सुमारास करा. दर वेळी खोलीचं तापमान शेजारी लिहा. वहीत लिहा किंवा मोबाइलवर फोटो काढा, पण तारीख-वेळ दिसू द्या. सर्व्हिस सेंटरवाल्यासमोर पुढे हाच कागद ठेवायचा आहे.

आकडे वाचायचे कसे

समजा पहाटे खोली २८ अंश आहे आणि गेममध्ये ग्राफिक्स कार्ड ७६. फरक ४८ अंशांचा. दुपारी खोली ४१ झाली, तर ४१ अधिक ४८ म्हणजे ८९ व्हायला हवं. पण कार्ड ८७ ला अडतं, वॅट खाली आणतं आणि गेम अडखळायला लागतो. या मशीनमध्ये बिघाड नाही. खोली तापलीय. इथे पेस्ट बदलून पैसे वाया जातील. टप्पा ३ आणि ४ नेच भागेल.

पण पहाटे २८ अंशांच्या खोलीत, टेबलावर ठेवलेलं मशीन, साधा गेम आणि तरीही कार्ड ८७ ला चिकटून? मग संशय घ्या.

प्रोसेसरचं गणित जरा वेगळं. सिनेबेंच चालवताना परफॉर्मन्स मोडमध्ये तो ९५-१०० ला जातोच, कारण मर्यादा लागेपर्यंत वेग वाढवत राहायचं, असंच त्याला शिकवलेलं असतं. म्हणून तिथे तापमान बघण्यापेक्षा वॅट आणि सिनेबेंचने शेवटी दिलेले गुण बघा. तुमच्याच मॉडेलच्या परीक्षणात दिलेल्या गुणांशी ताडा. थोडा फरक ऋतूचा. पण तिसरा हिस्सा गुण गायब असतील तर काहीतरी अडलंय.

एक खूण तर फार बोलकी आहे. पूर्ण भारावर सगळ्या कोअरची तापमानं एकाखाली एक बघा. एक कोअर ९९ ला आणि त्याच जातीच्या शेजारच्या कोअर ८२-८४ ला असतील, तर हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) एका बाजूला नीट बसलेला नाही किंवा पेस्ट पसरलेली नाही. इंटेलमध्ये मोठे आणि लहान असे दोन प्रकारचे कोअर असतात. मोठ्यांची तुलना मोठ्यांशीच करा, लहान कोअर थंड असणारच.

तपासा : पंखे दोन असतील तर दोन्ही फिरतात का? टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी गरम हवा बाहेर पडते त्या प्रत्येक जाळीसमोर धरा. भारावर ती जोरात फडफडायला हवी. एका बाजूला फडफडते आणि दुसऱ्या बाजूला नुसती लोंबते, तर इथेच थांबा आणि थेट टप्पा ६ ला जा.

## टप्पा ३ : हवा मोकळी करा

सर्वात जास्त फरक याच टप्प्यात पडतो आणि खर्च जवळपास शून्य. तरी लोक हाच टप्पा उडवतात.

गादी, वाकळ, उशी, मांडी, सगळं बंद. बहुतेक गेमिंग लॅपटॉप पोटाखालून हवा ओढतात आणि मागून-बाजूने सोडतात. गादीवर ठेवलं की पोट झाकलं. वाकळीचा तर बारीक तंतूही आत जातो आणि पंख्यामागच्या पातळ पत्र्यांत अडकून बसतो. जमिनीवर बसून खेळायची सवय असेल तर पाट किंवा चौरंग घ्या, सतरंजी नको.

टेबलावर ठेवल्यावर मागची बाजू दोन-तीन सेंटीमीटर उचला. पट्टीसारखे दोन लाकडी तुकडे, दोन जाड पुस्तकं, काहीही चालेल. फक्त खालची जाळी झाकली जाऊ नये. एवढ्यानेच काही अंश उतरतात. मागची भिंत निदान वीतभर लांब हवी, नाहीतर बाहेर टाकलेली गरम हवाच परत आत जाते. उचलल्यावर पुन्हा मोजा. आधी आकडा, मग पुढचा खर्च.

कूलिंग पॅडबद्दल माझं मत: मागची बाजू उचलल्यावर जो फायदा होतो, त्याच्यापुढे साध्या पाच पंख्यांच्या दिवेवाल्या पॅडने फारशी भर पडत नाही. भोवती फोमची कड असलेले, हवा दाबून आत पाठवणारे पॅड खरंच काम करतात, पण आवाज मोठा आणि किंमतही. शिवाय तेही खोलीतलीच ४१ अंशांची हवा ढकलणार.

म्हणून खोलीकडे वळू. आपल्याकडे उन्हाळ्यातली हवा कोरडी, त्यामुळे कूलर चांगला चालतो आणि खोली आठ-दहा अंशांनी सहज उतरते. तेवढेच अंश लॅपटॉपचेही उतरतात. पण तीन पथ्यं पाळा:

1. समोरची खिडकी किंवा दार उघडं ठेवा. बंद खोलीत कूलर नुसती दमट करतो, थंड नाही.
2. कूलरच्या थेट झोतात लॅपटॉप नको. झोताबरोबर बारीक तुषार येतात. आपल्याकडचं बोअरचं पाणी किती जड असतं ते कूलरच्या गवतावर साचणाऱ्या पांढऱ्या थरावरून कळतंच. तोच क्षार सर्किटवर बसायला नको. झोत अंगावर घ्या, मशीन बाजूला.
3. जून-जुलैत हवा दमट झाली की कूलरचा उपयोग संपतो. तेव्हा साधा पंखा आणि उघडी खिडकी बरी.

पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्यांना एवढंच सांगेन: मे महिन्यात जड गेम सकाळी नऊच्या आत किंवा रात्री उशिरा. दुपारी पत्र्याखाली कुठलीही सेटिंग चमत्कार करणार नाही.

सावधान : लॅपटॉपखाली बर्फाची पिशवी, ओला टॉवेल, फ्रीजमध्ये पाच मिनिटं, हे उपाय करू नका. थंड पृष्ठभागावर आत दव धरतं आणि मदरबोर्ड कायमचा जाऊ शकतो. पाणी गेल्याची खूण दिसली की वॉरंटीही संपली.

## टप्पा ४ : सेटिंग

एका वेळी एकच बदल करा, अर्धा तास खेळा, आकडा लिहा, मग पुढचा. चार गोष्टी एकदम फिरवल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

पहिला बदल: फ्रेमना, म्हणजे कार्ड दर सेकंदाला काढतं त्या चित्रांना, लगाम. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये ‘मॅनेज थ्री-डी सेटिंग्ज’खाली ‘मॅक्स फ्रेम रेट’ आहे. मर्यादा नसेल तर गेमच्या नुसत्या मेनूतही कार्ड शेकडो फ्रेम काढत बसतं आणि विनाकारण तापतं. कथेवर चालणारे गेम, जीटीए किंवा सायबरपंकसारखे, ६० ते ७५ वर छान चालतात. वॅलोरंटसारख्या गेमला जास्त हवं असेल तर स्क्रीनच्या हर्ट्‌झइतकी मर्यादा ठेवा. १४४ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रं दाखवणाऱ्या, स्क्रीनवर ३०० फ्रेम दिसत नाहीत, गरमी मात्र तेवढीच पडते.

दुसरा बदल: मोड. टर्बो किंवा परफॉर्मन्सऐवजी बॅलन्स्ड. लेनोवोच्या लिजनवर एफएन आणि क्यू, असूसच्या गेमिंग मॉडेलवर एफएन आणि एफ५ दाबून मोड बदलतो. फ्रेम थोड्याच कमी होतात, वॅट मात्र बरेच. उन्हाळाभर बॅलन्स्डवर राहा, डिसेंबरात हवं तर टर्बो लावा. परभणीच्या थंडीत तोच लॅपटॉप वेगळाच वाटेल.

तिसरा बदल: प्रोसेसरचा टर्बो बूस्ट, म्हणजे गरजेला स्वतःच वेग वाढवण्याची सोय. विंडोजच्या कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज, प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट, आणि तिथे ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ १०० ऐवजी ९९ करा. बूस्ट बंद होतो आणि प्रोसेसर कधी कधी १५-२० अंशांनीही उतरतो. ज्या गेमचा सगळा भार ग्राफिक्सवर आहे तिथे फरक जाणवत नाही; जिथे प्रोसेसर राबतो तिथे फ्रेम ठळकपणे पडतात. म्हणून हा कायमचा उपाय नव्हे, मे महिन्याचा आहे. काही नव्या लॅपटॉपमध्ये ही ओळ लपवलेली असते. दिसली नाही तर नाद सोडा, बॅलन्स्ड मोडनेच काम भागवा.

चौथा बदल: अंडरव्होल्टिंग. म्हणजे त्याच वेगासाठी थोडं कमी व्होल्टेज देणं. ग्राफिक्स कार्डाचं एमएसआय आफ्टरबर्नरमधून करता येतं. इंटेल प्रोसेसरचं मात्र अनेक लॅपटॉपमध्ये बायोसमधूनच कुलूपबंद असतं. २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट नावाची सुरक्षेची त्रुटी उघड झाल्यापासून कंपन्यांनी ते बंद केलं. कार्डाचं करायचं तर अगदी थोडं थोडं उतरवा आणि दर पायरीला गेम खेळून बघा. व्होल्टेज जास्त कमी झालं तर गेम बंद पडतो, क्वचित मशीन रीस्टार्ट होतं, पण त्याने काही जळत नाही. आदल्या पायरीवर परत या. पहिले तीन बदल न करता थेट इथे उडी मारणारे मात्र उगाच डोकं खाजवत बसतात.

सावधान : पंखे आणि वॅट हाताळणारी दोन ॲप एकदम चालू ठेवू नका. कंपनीचं ॲप आणि बाहेरचं ॲप एकमेकांचे हुकूम खोडत राहतात आणि पंखे वेड्यासारखे कमी-जास्त होतात.

## टप्पा ५ : चार्जर, इन्व्हर्टर आणि बॅग

गेमिंग लॅपटॉपचे चार्जर साधारण १८० ते ३३० वॅटचे. घरचा लहान इन्व्हर्टर दोन पंखे आणि दिवे ओढत असताना वर हा भार टाकला की तो कुरकुरणारच. लाइट गेली की गेम बंद करा, इन्व्हर्टरवर फार तर अभ्यासाचं काम करा. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर चार्जर गुणगुणायला लागला किंवा नेहमीपेक्षा जास्त तापला तर काढून ठेवा. चार्जरची वीट उशीखाली किंवा गादीच्या फटीत नको, उघड्या फरशीवर ठेवा.

मशीन कायम टेबलावर चार्जिंगला असेल तर कंपनीच्या ॲपमधून चार्जची मर्यादा ८० टक्के करा. पूर्ण भरलेली बॅटरी आणि उष्णता ही जोडी बॅटरीचं आयुष्य खाते.

बॅगेचं प्रकरण फार जणांना माहीत नसतं. झाकण नुसतं मिटून लॅपटॉप बॅगेत टाकला की नव्या विंडोजमध्ये तो पूर्ण झोपत नाही, मधूनच जागा होतो. नांदेडहून संभाजीनगरला एसटीने पोचेपर्यंत बॅग भट्टीसारखी तापलेली आणि बॅटरी रिकामी. बॅगेत घालण्याआधी शट डाउन करा, दिवे विझले की मगच चेन लावा.

तपासा : टचपॅड वर उचलल्यासारखा वाटतोय, झाकण नीट मिटत नाहीये? बॅटरी फुगलेली असू शकते. चार्जर काढा, वापर थांबवा, दाबून बसवायला जाऊ नका. थेट सर्व्हिस सेंटर.

## टप्पा ६ : बिघाड आहे असं ठरलं तर

यापैकी एक जरी असेल तर घरगुती उपाय थांबवा: पहाटेच्या गारव्यातही बॅलन्स्ड मोडवर थ्रॉटलिंग, एकाच जातीच्या कोअरमध्ये १५ अंशांहून जास्त फरक, एक पंखा बंद किंवा खरखर, गेममध्ये मशीन अचानक पूर्ण बंद पडणं.

बदलून देण्याची मुदत शिल्लक असेल तर आधी दुकान किंवा वेबसाइट. मुदत संपली असेल तर कंपनीच्या ॲपमधून किंवा हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. ‘खूप गरम होतो’ एवढंच सांगू नका. त्यावर ‘गेमिंग आहे, होणारच’ हे उत्तर तयार असतं. असं सांगा: ‘खोली २८ अंश, बॅलन्स्ड मोड, अर्ध्या तासात ग्राफिक्स ८७ आणि वॅट निम्मे.’ सोबत फोटो जोडा. तालुक्याच्या गावी असाल तर घरी येऊन दुरुस्तीची वॉरंटी आहे का ते कागदावर बघा, म्हणजे जिल्ह्याच्या खेपा वाचतील. मशीन देताना फायलींची प्रत काढून ठेवा आणि जॉबशीट (मशीन जमा केल्याची पावती) घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.

तरीही टोलवाटोलवी झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. तिथेही बिल, तक्रार क्रमांक आणि तुमच्या आकड्यांची वही हाताशी ठेवा.

सावधान : या काळात बाहेरच्या दुकानात मशीन उघडू देऊ नका. काही महागड्या मॉडेलमध्ये प्रोसेसरवर पेस्टऐवजी द्रवरूप धातू असतो. तो वीजवाहक आहे. अनोळखी हाताने पुसताना एक थेंब जरी बोर्डावर सांडला तर शॉर्ट होऊन सगळा बोर्ड जाऊ शकतो.

## टप्पा ७ : धूळ

नव्या मशीनला पहिले काही महिने आतल्या सफाईची गरज नाही. नंतर मात्र आपल्याकडची धूळ बघता वर्षातून दोनदा तरी हवी. एकदा उन्हाळा सुरू होण्याआधी, आणि शेताजवळ किंवा मोंढ्याजवळ राहत असाल तर सोयाबीनची मळणी संपल्यावर. तो बारीक भुसा खिडकीच्या जाळीतूनही आत येतो.

मशीन बंद, चार्जर काढलेला. झाकण न उघडता बाहेरच्या जाळीतून हवेच्या डब्याने किंवा हातातल्या छोट्या ब्लोअरने थोडी थोडी, थांबून थांबून हवा मारा. पंखा गरगर फिरू देऊ नका. जाळीतून प्लास्टिकची पातळ काडी हलकेच घालून पाते अडवून धरा, कारण हवेच्या जोराने पंखा मर्यादेबाहेर फिरला की बेअरिंग खराब होते. गॅरेजचा कॉम्प्रेसर नको, त्यातून पाणी आणि तेलही येतं. घरातला व्हॅक्यूम क्लीनरही नको, त्याने स्थिर वीज तयार होते.

खालचं झाकण उघडून सफाई करायची तर आधी वॉरंटीच्या कागदावर तशी परवानगी आहे का ते वाचा. काही कंपन्या रॅम बदलण्यापुरतं झाकण उघडू देतात, पण हीटसिंकला हात लावलेला चालत नाही. वॉरंटी संपल्यावर, दोन-तीन वर्षांनी, पहाटेचा खोली आणि कार्डातला तोच फरक ४८ वरून ६० कडे सरकलेला दिसला आणि धूळ काढूनही उतरला नाही, तर पेस्ट बदलायची वेळ झाली असं समजा.